रोजच्या फोटोसाठी कॅमेरा : ऑटोफोकस बॉडी निवडताना

बिडकीनच्या आमच्या वस्तीत एका घरी भिंतीवर पणजीचा फोटो लावलेला आहे. फोटो म्हणजे तिच्या मतदार ओळखपत्रावरचा चेहरा. टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना १९९३ पासून ही ओळखपत्रे सुरू झाली. पणजीला कोणीतरी स्टुलावर बसवले, समोर बघ म्हणून सांगितले आणि पुढच्या माणसाला हाक मारली. तिच्या आयुष्यातला तो पहिला आणि शेवटचा फोटो. ती गेल्यावर घरच्यांनी तो स्टुडिओत मोठा करून घेतला. डोळे नीट दिसत नाहीत, कपाळ आणि पदर एकच झाले आहेत. तरी पुण्यानुमोदनाच्या दिवशी मेणबत्ती लागते ती त्याच फोटोपुढे.

त्याच घरातला बावीस वर्षांचा पोरगा पैठण रोडवरच्या एका कंपनीत कंत्राटावर आहे. मागच्या वर्षी त्याचा मोबाईल बंद पडला. त्यात आजीचे दोन वर्षांचे फोटो होते. दुरुस्तीवाल्याने हात वर केले. तेव्हापासून त्याच्या मनात बसले की रोलचा कॅमेरा घ्यायचा, निगेटिव्ह जपून ठेवायची. सात हजार रुपये त्याने बाजूला टाकले. वडील चिडले. "हातात मोबाईल असताना हा डबा कशाला? सात हजारात घरावर चार पत्रे येतील." बापलेक दोघेही आमच्याकडे आले, कारण आमच्या घरात १९९६ पासून रोलचा कॅमेरा आहे आणि त्या वेळच्या निगेटिव्ह बिस्किटाच्या डब्यात अजून शाबूत आहेत.

आम्ही वडिलांची बाजू आधी घेतली. बंधू-भगिनींनो, रोजच्या कामाला मोबाईल पुरेसा आहे हे आधीच सांगून टाकतो. ज्याच्या घरी उसनवारी चालू आहे त्याने हा लेख वाचून कॅमेरा घेऊ नये. मात्र ज्याने ठरवलेच आहे, त्याचे पैसे पाण्यात जाऊ नयेत. रोलचे ऑटोफोकस कॅमेरे आता बहुतेक जुन्या मालातच मिळतात. निकॉनने २००६ साली आपले बहुतेक फिल्म कॅमेरे बंद करण्याचे जाहीर केले, त्याच वर्षी कोनिका मिनोल्टा या धंद्यातून बाहेर पडली, आणि कॅननने आपल्या शेवटच्या फिल्म एसएलआरची विक्री २०१८ साली थांबवली. म्हणून गॅरंटीचा कागद नसतो. आपले डोळे हीच गॅरंटी.

फोकस फ्री म्हणजे ऑटोफोकस नव्हे

पहिली फसगत इथेच होते. नव्वदीच्या काळात आपल्या लोकांच्या घरी आला तो हॉटशॉट, नाहीतर कोडॅकचा केबी-१०. हे कॅमेरे कुठेही फोकस करत नाहीत. त्यांची लेन्स एका जागी पक्की बसवलेली असते. साधारण दीड मीटरच्या पुढचे सगळे बऱ्यापैकी स्पष्ट येते, जवळचे पुसट येते. अशा कॅमेऱ्यांवर 'फोकस फ्री' असे छापलेले असे. जुना माल विकणारे काही जण आज तोच शब्द दाखवून ऑटोफोकस म्हणून किंमत सांगतात. वाचकांनी फसू नये.

गावातले लग्नाचे फोटोग्राफर पेन्टॅक्स के-१०००, झेनिट किंवा पुढे निकॉन एफएम-१० वापरत. त्यात लेन्सचे कडे हाताने फिरवून फोकस लावावा लागे. नवरा-नवरी हार घालताना एकदा थांबवली जात ती त्यामुळेच.

खरा ऑटोफोकस सामान्य माणसाच्या हातात आला तो कोनिकाच्या सी-३५ एएफ या छोट्या कॅमेऱ्यातून, १९७७ साली. लेन्स बदलता येणाऱ्या एसएलआर कॅमेऱ्यात तो बॉडीतच बसवून यशस्वी केला मिनोल्टा ७००० ने, १९८५ साली. मागोमाग १९८६ मध्ये निकॉनचा एफ-५०१ आणि १९८७ मध्ये कॅननचा ईओएस ६५० आला. या शोधावरून अमेरिकेत हनीवेल कंपनीने मिनोल्टावर पेटंटचा दावा लावला. १९९२ साली मिनोल्टाला १२ कोटी ७५ लाख डॉलर मोजून तो मिटवावा लागला. एवढ्या मोलाची ही गोष्ट होती.

छोट्या कॅमेऱ्यातला ऑटोफोकस बहुधा न दिसणारा अवरक्त किरण सोडतो. तो समोरच्या माणसावर आपटून परत येतो आणि त्याच्या कोनावरून कॅमेरा अंतर ओळखतो. म्हणून एसटीच्या बंद काचेतून फोटो काढाल तर तो काचेलाच माणूस समजण्याची भीती असते. एसएलआरमध्ये किरण सोडत नाहीत. लेन्समधून आलेल्या उजेडाचे दोन भाग करून ते एकमेकांशी जुळतात की नाही हे आतला भाग तपासतो. त्याला जुळवायला काहीतरी रेघ, कड, नक्षी लागते. कोरी पांढरी भिंत, बिनकाठाचे पांढरे लुगडे किंवा गडद अंधार समोर आला की लेन्स नुसती पुढे-मागे करत राहते. अशा वेळी चष्म्याच्या कडेवर, डोळ्यावर किंवा पदराच्या काठावर नेम धरावा, बटण अर्धे दाबून ठेवावे, मग फोटोची चौकट बसवून पूर्ण दाबावे. ही अर्ध्या बटणाची सवय लागली की निम्मे पुसट फोटो वाचतात.

चार बॉड्या, एक दिवस

ओळखीपाळखीने आम्ही चार बॉड्या एका दिवसासाठी जमवल्या. प्रत्येकीत एकेक रोल घातला. सकाळी बसथांब्यावर, मग भाजीवाल्यांजवळ, दुपारी पोराच्या घरात आजीजवळ आणि संध्याकाळी गल्लीत खेळणाऱ्या लेकरांवर, असा तो दिवस गेला.

*ऑलिंपस म्यू-२.* १९९७ चा छोटा कॅमेरा. वजन सेलशिवाय दीडशे ग्रॅमच्याही आत. खिशात मावतो, झाकण सरकवले की तयार. लेन्स ३५ मिलिमीटरची, २.८ ची, उत्तम. लेकरांना कॅमेरा दिसतच नाही, म्हणून ती खेळत राहतात. बसथांब्यावरचे याचे फोटो आम्हाला सगळ्यांत जिवंत वाटले. पण त्याला दोन खोडी आहेत. झाकण लावून उघडले की फ्लॅश पुन्हा आपोआपच्या जागी येतो. प्रत्येक वेळी आठवणीने बंद केला नाही तर आजीच्या तोंडावर उजेडाचा झपका बसतो. दुसरी खोड म्हणजे बिघडला तर सहसा कोणी हात लावत नाही. शिवाय हौशी लोकांनी याची किंमत फार चढवून ठेवली आहे. पोराच्या सात हजारांत तो बसलाच नाही.

*कॅनन ईओएस ३००.* १९९९ चा. अंग प्लॅस्टिकचे, हातात खेळण्यासारखा वाटतो आणि म्हणूनच स्वस्त. फोकससाठी सात ठिपके, वरच छोटा फ्लॅश, शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापर्यंत. आतून बघताना चौकट थोडी लहान आणि अंधारी दिसते. पण याची एक गोष्ट आम्हाला फार आवडली. रोल घातला की हा कॅमेरा आधी सगळी फिल्म बाहेर ओढून घेतो आणि प्रत्येक फोटोनंतर एकेक चौकट डबीत परत टाकतो. लेकराने मध्येच झाकण उघडले तरी काढलेले फोटो बहुतेक डबीत सुरक्षित राहतात, वाया जाते ती पुढची कोरी फिल्म. लेकराबाळांच्या घरात याचे मोल मोठे आहे. लेन्सचीही सोय आहे. कॅननच्या १९८७ नंतरच्या सर्व ईएफ लेन्स याला बसतात. गावातल्या लग्नाच्या फोटोग्राफरकडे कॅननची ५० मिलिमीटर, १.८ ची ईएफ लेन्स असण्याचा संभव मोठा. ती दोन दिवस मागून आणता येते. फक्त लाल ठिपक्याची मागावी. पांढऱ्या चौकोनाची ईएफ-एस लेन्स डिजिटलच्या लहान सेन्सरसाठी केलेली असते, ती इथे बसत नाही.

*निकॉन एफ-८०.* २००० सालचा. वजन पाचशे ग्रॅमच्या थोडे वर, पकड भक्कम. फोकससाठी पाच ठिपके, अंधारात मदतीला पुढे छोटा दिवा, शटर चार हजाराव्या भागापर्यंत. बॉडीत मोटर असल्याने निकॉनच्या जुन्या एएफ लेन्सही चालतात आणि ज्यांच्या आत मोटर असते त्या नव्या एएफ-एस लेन्सही चालतात. संध्याकाळी गल्लीत पळणाऱ्या लेकरांचे सर्वांत जास्त स्पष्ट फोटो यानेच दिले. दोष एवढाच की मागच्या झाकणावरचे रबर वर्षांनी चिकट होते आणि हाताला गुळासारखे लागते. स्पिरिटने हलके पुसून ते काढता येते, पण त्या नावाखाली किंमत पाडून मागायला हरकत नाही. किंमत ईओएस ३०० च्या वरची.

*निकॉन एफ-८०१.* १९८८ चा, चौघांत सर्वांत म्हातारा आणि सर्वांत दणकट. शटर आठ हजाराव्या भागापर्यंत जाणारा हा पहिला एसएलआर. वजन सातशे ग्रॅमच्या घरात. फोकस एकाच जागी, मध्यावर. उन्हात चांगला चालतो, तिन्हीसांजेला अडखळतो आणि आवाज करतो. अंगचा फ्लॅश नाही. एएफ-एस लेन्सवर याचा ऑटोफोकस चालत नाही, म्हणून जुनी एएफ किंवा एएफ-डी लेन्सच मागावी. तरीही या म्हाताऱ्याने एका बाबतीत बाकी तिघांना मागे टाकले.

सेल कुठे मिळतो?

ही गोष्ट म्हणजे सेल. शहरातला लेखक ही बाब एका ओळीत संपवतो, पण आपल्याला ती बघितलीच पाहिजे. ऑटोफोकस कॅमेरा सेलशिवाय मेलेला असतो, रोलसुद्धा पुढे सरकत नाही. म्यू-२ ला सीआर-१२३ जातीचा एक लिथियम सेल लागतो, एफ-८० ला त्याच जातीचे दोन, आणि ईओएस ३०० ला सीआर-२ चे दोन. हे बिडकीनच्या किराणा दुकानात मागाल तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील. छत्रपती संभाजीनगरला जावे, नाहीतर पार्सलने मागवावे. एफ-८०१ ला मात्र चार साधे पेन्सिल सेल लागतात. भिंतीवरच्या घड्याळाचे काढले तरी चालतात. निकॉनचे एफ-९० आणि एफ-१०० हेही याच सेलवर चालतात, पण एफ-१०० महाग. ज्याच्या घरून शहर लांब आहे त्याने सेलचा विचार बॉडीच्या आधी करावा. लिथियमचा कॅमेरा घेतलाच तर एक जोड सेल नेहमी घरात जास्तीचा ठेवावा.

आपले चेहरे काळे का येतात?

दुपारी आजीचे फोटो काढले. आजीने पांढरे लुगडे नेसले होते, मागे चुन्याची भिंत. रोल धुऊन आल्यावर पहिल्या काही फोटोंत लुगडे करडे आणि चेहरा काळाठिक्कर. आजी बघून म्हणाली, "मी हाय का कोळसा हाय?" घरात हसू झाले, पण आम्हाला ते लागले. समारंभाला आपल्या माय-बहिणी पांढऱ्या साड्या नेसतात, माणसे पांढरे कपडे घालतात, आणि आल्बममध्ये त्यांचे चेहरे ओळखू येत नाहीत. दोष चेहऱ्याचा नाही.

कॅमेऱ्यातले प्रकाशमापक समोरचे सगळे मिळून मध्यम करडे आहे असे धरून चालते. समोर पांढरे जास्त असले की त्याला वाटते उजेड फार झाला. मग तो उजेड कमी करतो आणि सावळा चेहरा आणखी बुडतो. उपाय सोपा आहे. बॉडीवर अधिक-उणे खुणेचे बटण असते. पांढरे कपडे किंवा पांढरी भिंत असली की ते अधिक एकवर न्यावे. रंगीत निगेटिव्ह थोडा जास्त उजेड सहज पचवते, कमी पडलेला उजेड मात्र नंतर भरून निघत नाही. ईओएस ३००, एफ-८० आणि एफ-८०१ या तिन्हींवर ही सोय आहे. म्यू-२ वर ती नाही, पण दोन बटणे एकदम दाबली की तो फक्त मध्यभागाचा उजेड मोजतो, तेव्हा मध्य चेहऱ्यावर धरावा. अधिक एकवर काढलेल्या पुढच्या फोटोंत आजीच्या गालावरच्या सुरकुत्या, हनुवटीवरचे गोंदण, सगळे आले.

याला एक इतिहासही आहे. रंगीत फोटोंची छपाई बरोबर झाली की नाही हे तपासायला प्रयोगशाळांत एका गोऱ्या बाईचा फोटो नमुना म्हणून ठेवत. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिचा रंग बरोबर आला की यंत्र बरोबर, असा तो हिशेब. सावळ्या-काळ्या माणसांचे चेहरे त्या मापात बसवलेलेच नव्हते. पुढे फिल्म सुधारली आणि नमुन्याच्या कार्डांवर वेगवेगळ्या वर्णांचे चेहरे आले, पण त्याला काही दशके जावी लागली.

आणखी एक गोष्ट कामगार वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी सरकार काळ्या माणसांना सक्तीने पासबुक बाळगायला लावी, आणि त्यावरच्या फोटोसाठी पोलरॉइडचे साहित्य वापरले जाई. १९७० साली अमेरिकेत त्याच कंपनीत काम करणाऱ्या कॅरोलिन हंटर आणि केन विल्यम्स या दोन कृष्णवर्णीय कामगारांनी याविरुद्ध आवाज उठवला. त्यांची नोकरी गेली, पण लढा चालू राहिला. १९७७ साली कंपनीने दक्षिण आफ्रिकेतली विक्री थांबवली. कार्डासाठी काढलेला फोटो आणि घरच्या माणसाने काढलेला फोटो यात फरक असतो तो असा. पणजीचा फोटो सरकारने काढला होता. तिच्या घरच्यांनी काढला असता तर ती कदाचित हसत असती.

डॉ. बाबासाहेबांचा राजगृहातला १९३४ सालचा कौटुंबिक फोटो आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यात माता रमाई आहेत, यशवंतराव आहेत, पायाशी कुत्राही आहे. पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी, रमाई गेल्या. तो एक दिवस कोणी कॅमेरा धरला नसता तर घरच्या माणसांत बसलेले हे कुटुंब आपल्याला कसे दिसले असते? आपल्या काळात सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो काढून गटारात उतरणाऱ्या माणसांचे जगणे जगापुढे ठेवले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कॅमेरा कोणाच्या हातात आहे, याला महत्त्व असते.

जुना माल घेताना

आता व्यवहाराचे. विकणाऱ्यासमोर या गोष्टी एकेक करून तपासाव्यात.

सेलची खोली उघडून बघावी. हिरवा-पांढरा थर असला तर सेल आत फुटलेला आहे, सौदा सोडावा. मागचे झाकण उघडून शटरची पाती बघावीत. कॅननच्या १९८७ ते १९९० च्या सुमारच्या काही बॉड्यांत, उदाहरणार्थ ईओएस ६५०, ६२० आणि १० मध्ये, आतला फोम विरघळून काळा डांबरासारखा चिकटा पात्यांवर येतो. मग पाती अडकतात आणि फोटो कोरे निघतात. पेन्टॅक्सच्या एमझेड मालिकेत आरसा उचलणारे प्लॅस्टिकचे छोटे दातेरी चाक तडकते. या बॉड्या स्वस्त का मिळतात त्याचे कारण हे आहे.

लेन्स उजेडासमोर धरून आरपार बघावी. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे. आधी जवळच्या आणि मग लांबच्या वस्तूवर बटण अर्धे दाबून फोकस पकडतो का ते बघावे. शेवटी एक वाया गेलेला रोल सोबत न्यावा, तो घालून पुढे सरकतो आणि शेवटी परत गुंडाळला जातो का ते बघावे. जो विकणारा सेल टाकून दाखवायला नाही म्हणतो त्याच्याकडून घेऊ नये.

घरी आणल्यावर कॅमेरा कपाटात कपड्यांत कोंबू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो, म्हणून रोल गाडीच्या डिक्कीत विसरू नये. निगेटिव्ह कागदी पाकिटात ठेवावी, वर तारीख आणि माणसांची नावे लिहावीत. नाव नसलेला फोटो तीस वर्षांनी अनोळखी होतो.

खर्चाचा हिशेब

छत्तीस फोटोंचा रंगीत रोल आज हजार रुपयांच्या आसपास पडतो. धुणे, स्कॅन आणि पार्सल धरले तर एका फोटोला चाळीस रुपयांच्या मागेपुढे जातात, छापील प्रत वेगळी. रंगीत रोल धुणारे आता बहुतेक मोठ्या शहरांतच राहिले आहेत. म्हणजे बॉडीची किंमत एकदाच, रोलचा खर्च कायमचा. महिन्याला दोन रोल काढणाऱ्याचा कॅमेरा वर्षात तीस-पस्तीस हजार खातो. हे आकडे आम्ही बापलेकांसमोर कागदावर मांडले तेव्हा दोघेही गप्प झाले.

मग आमचे मत दिले. घरात एकच कॅमेरा, सगळ्यांनी वापरायचा आणि पैसा मोजका, तर ईओएस ३०० सोबत ५० मिलिमीटरची लेन्स. सेल आणायला शहर लांब असेल आणि वजन चालत असेल, तर एफ-८०१. पैसा थोडा अधिक असून लहान लेकरांचेच फोटो काढायचे असतील, तर एफ-८०. म्यू-२ उत्तम आहे, पण आजच्या भावात आमच्यासारख्यांनी त्याच्या मागे लागू नये.

पोराने ईओएस ३०० घेतला. लेन्ससह त्याचे सात हजारांतले काही पैसे उरले, ते दोन रोलला गेले. वडिलांनी अट घातली की दोन महिन्यांत एकच रोल, आणि कंपनीतला पगार झाल्यावरच. पहिल्या रोलचे नऊ फोटो वाया गेले. सत्तावीस बरे निघाले. त्यात एक वडिलांचा आहे. रात्रपाळीहून आलेले, ओट्यावर बसून चहा फुंकताना, त्यांच्या नकळत काढलेला. त्यांनी तो बराच वेळ हातात धरला. मग पोराला एवढेच विचारले, "मोठी प्रत काढायला किती लागतील?"

पत्र्यांचे पैसे अजून जमायचे आहेत. ते पुढच्या बोनसला बघू, असे त्या घरात ठरले आहे.